अठ्ठावीस नंबरची बाही

डासांना मन असतं, असं कुणी म्हणालं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवते. सोळा वर्षं डासघर सांभाळतेय मी. जाळीचे पिंजरे, दमट उबदार हवा, साखरपाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे आणि एकामागे एक दोन दारं. आमचे डास इथेच जन्मतात, इथेच मरतात. डासांमुळे पसरणारा ताप त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी त्या तापावरच्या नव्या लसीची चाचणी लागली. साथ जिथे जोरात होती, तिथल्या दवाखान्यात काम करणारी चाळीस माणसं निवडली. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं ते त्यांनाही ठाऊक नाही आणि आम्हालाही नाही. यादी बंद पाकिटात. लसीनं अंगाचा वास बदलतो का, एवढं मी बघायचं होतं. ही माणसं दर रविवारी दिवसभर हातावर सुती बाही घालायची, आणि सोमवारी त्या बाह्या नंबर टाकून माझ्याकडे यायच्या. एकेक बाही पिंजऱ्यात टांगायची आणि साठ माद्यांपैकी किती बसतात ते पाच मिनिटं मोजायचं.

सगळ्यात आधी माझी स्वतःची बाही, तुलनेसाठी. माझ्यावर साठच्या साठ तुटून पडायच्या. तुम्ही त्यांना फारच गोड लागता, असं चाचणी चालवणारे आमचे साहेब म्हणाले होते. एरवी ते विनोदाच्या वाटेला जात नाहीत. प्रत्येक आकड्यावर संशय घेतात, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना शंकासाहेब म्हणतो.

त्या चाळिसांत माझी ताई होती. ती नर्स आहे. भावोजी याच तापानं गेले, आणि हिनं हट्टानं त्याच वॉर्डात बदली मागून घेतली. समजावून समजावून माझं तोंड दुखलं. एकदा फोनवर ती सहज आपला नंबर बोलून गेली, अठ्ठावीस. असा नंबर सांगायचा नसतो आणि मी तर तो ऐकायचाच नसतो. मी ऐकला आणि लक्षातही ठेवला.

पहिल्याच सोमवारी तिसरी बाही टांगली आणि आवाज बंद झाला.

डासघरात सतत गुणगुण असते. इतक्या वर्षांत मला ती ऐकू येईनाशी झाली होती. थांबली तेव्हा कळलं की ती होती. साठही माद्या समोरच्या जाळीवर ओळीनं बसल्या होत्या, तोंडं बाहीकडे करून. एकही हलेना. शेजारचे पिंजरेही गप्प. मी घड्याळ बघायचं विसरले. त्या खोलीत इतकं सुंदर काही मी कधी पाहिलं नव्हतं. अंगावर काटा आला आणि डोळेही भरून आले.

बाही काढली, गुणगुण सुरू झाली.

चाळिसांपैकी बावीस बाह्यांना असं झालं. साहेबांनी हवा तपासली, पिंजरे बदलले, डास बदलले. मग स्वतः येऊन पाहिलं, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अठ्ठावीस नंबरचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. डास बसले तर ताईला पाणी टोचलंय; मग खोटं बोलून, आजारी पडल्याचं सोंग करून, कसंही तिला परत आणायचं. बाही टांगली. शांतता पसरली. मी तिथेच स्टुलावर बसून रडले आणि ताईला तिकडेच राहू दिलं.

तेरा आठवड्यांनी साथ ओसरली. ज्यांच्या बाह्यांवर डास बसले होते, त्या अठराच्या अठरा जणांना ताप आला. चौघे गेले. ताई धडधाकट परतली.

साहेबांनी पाकीट उघडलं. बावीस शांत बाह्यांपैकी वीस लसवाल्यांच्या होत्या. लस चालली होती, एकही लसवाला आजारी पडला नव्हता. उरलेल्या दोन बाह्या पाणीवाल्यांच्या, आणि ताप त्यांनाही आला नव्हता.

"अठ्ठावीस?" मी विचारलं.

साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवला. "पाणी."

तेरा आठवडे मी तिला तिथे ठेवलं होतं, आणि तिच्या अंगात मिठाच्या पाण्याशिवाय काही नव्हतं. तिचं रक्त दोनदा तपासलं. ताप येऊन गेल्याची खूणसुद्धा नव्हती.

म्हणजे तो लसीचा वास नव्हताच. ताप कुणाला येणार नाही, ते डासांना पहिल्याच सोमवारी ठाऊक होतं.

ताईला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"आणि तुझी बाही?" तिनं विचारलं.

मग मीही लस घेतली. लस घेऊन महिना झाला. आज सोमवार, ताई मुद्दाम आली आणि डासघराच्या काचेपलीकडे उभी राहिली. मी माझी बाही टांगली.

तिनं हातानंच विचारलं, काय झालं?

पिंजरा तिला दिसू नये अशी मी आडवी उभी राहिले, हसले आणि मान डोलावली. काचेपलीकडे गुणगुण ऐकू जात नाही.