दोघांपुरतं

मी त्याला आधी हातांवरून ओळखलं आणि मग फ्लॉवरच्या ढिगामागे लपले.

संध्याकाळ होती. भुरभुर पाऊस पडत होता आणि भाजीबाजारातल्या ताडपत्र्यांच्या कडांवरून पाणी थेंबथेंब गळत होतं. समोरच्या गाजरांच्या टोपलीवर दोन हात आले. लांब बोटं, डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. ते हात एक गाजर उचलायचे, हलकेच दाबून बघायचे, परत ठेवायचे... आणि इकडे मी झटकन खाली वाकले. कारण हे हात मी वर्षभर बघत आले होते.

आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये एक बुटकी खिडकी आहे. आतून दोन हात येतात, ताटली ठेवतात, घंटीवर टिचकी मारतात आणि नाहीसे होतात. चेहरा काही दिसत नाही. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा चढवून जीव आंबून गेला, की त्या खिडकीसमोरचं टेबल गाठायचं आणि हातांची वाट बघत बसायचं, हा माझा नेम. घरी बोलताना मी त्याचं नावही ठेवलं होतं — खिडकीवाला. जेवण छानच असायचं. पण खरं सांगू? जेवण आपलं निमित्त होतं.

मग भाव वाढले. पहिल्यांदा वाढले तेव्हा मी काही मनावर घेतलं नाही. पुन्हा वाढले, तेव्हा सूप सोडलं. तिसऱ्यांदा मेन्यूकार्डावर नव्या आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या बघितल्या आणि पाणी पिऊन मुकाट्याने घरी आले. दुकानात गिऱ्हाइकं सांगायची, "हॉटेलातलं कार्ड वाचताना डोळ्यांपुढे अंधारी येते हो." मी इमानदारीत त्यांचे डोळे तपासायचे आणि नंबर काही निघायचा नाही. ती अंधारी कसली, ते मला त्या दिवशी कळलं.

"लपायचंच असेल तर कोबीमागे लपा," ढिगापलीकडून आवाज आला. "फ्लॉवर आज फार लहान आहेत."

मी हळूच सरळ झाले. पहिल्यांदाच त्या हातांना चेहरा मिळाला... केसांवर पावसाचे कण, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"मी लपले नव्हते. फ्लॉवर बघत होते."

"खालून?"

"तुम्ही मला कसं काय ओळखता?"

"खिडकीतून बाहेरचं सगळं दिसतं. बाहेरच्यांनाच आतलं दिसत नाही. तुम्ही वर्षभर ताटलीच्या कडेला गाजरं काढून ठेवताय. नीट, ओळीने." तो जरा थांबला. "बरेच दिवस आला नाहीत."

तब्येत, काम, पाहुणे... थापा तर जिभेवर तयारच होत्या. पण त्याच्याकडे बघितलं आणि तोंडून भलतंच निघालं, "परवडत नाही हो आता."

मला वाटलं, रागावेल. त्याने मान डोलावली.

"मलाही परवडलं नसतं. मी तिथेच रांधतो म्हणून पोटात पडतंय. मग घरी काय करता?"

"दुधाची तहान ताकावर. ब्रेड आणि अंडं. कंटाळा आला की नुसता ब्रेड."

"आणि आज?"

"आज सूप करणार आहे... तुमच्यासारखं." हे 'तुमच्यासारखं' जरा जास्तच हळू निघालं.

मग काय, त्याने तिथल्या तिथे मला सूप शिकवलं. कांदे एवढे, टोमॅटो इतके, बटाटे अमुक. तो हातांनी मापं दाखवत होता, भाजीवाला तोलत होता आणि मी पिशव्या भरत होते. माझं लक्ष कुठे होतं म्हणता? डोळे बघायची माझी धंद्याची खोड. त्याचे तपकिरी होते, आणि जवळचं बघताना उजवा किंचित बारीक व्हायचा. किती भाजी घेतली, ते पिशव्या उचलायला गेले तेव्हा कळलं. शेवटी गल्लीच्या तोंडापर्यंत त्यानेच आणून दिल्या. छत्री एकच होती, त्यामुळे आम्ही दोघेही अर्धे अर्धे भिजलो.

घरी मी आणि मावशी, दोघीच. मावशीने जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी जोडून दिली. आता निवृत्त आहे, पण जिभेची धार तशीच आहे. पिशव्या बघून ती म्हणाली, "पलटण जेवायला येणार आहे का?"

"सूप आहे मावशी. हॉटेलसारखं."

"मग हॉटेलही इथेच आणायचं होतं."

मोठं पातेलं भरलं. मग धाकटं, मग कुकर. शेवटी मी कपडे भिजवायचं घमेलं उचललं, ते मावशीने माझ्या हातातून काढून घेतलं. त्या रात्री आमची अख्खी इमारत सूप प्यायली आणि सगळ्यांनी कौतुक केलं. शेजारच्या काकूंनी तेवढं विचारलं, "मीठ डॉक्टरांनी बंद केलंय का गं?"

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन हॉटेलच्या मागच्या दाराशी हजर झाले. त्याने चमचाभर चाखलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"मीठ मी विसरले," मी म्हटलं, "पण माप तुमचं होतं. दोन बायकांचं घर आहे आमचं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी... चाळीस माणसांच्या खाली कधी स्वयंपाकच केला नाही. शाळा सुटली तसा ताईबरोबर इथे उभा राहिलो. हे हॉटेल आम्हा बहीणभावाचं. ती गल्ल्यावर, मी आत. मोठ्या पातेल्याचीच सवय हाताला. माझ्यापुरतं करायला गेलो तरी शेजारपाजार जेवेल इतकं होतं. म्हणून करतच नाही. पातेल्यात उरलेलं उभ्याउभ्या खातो."

"पण काल सांगताना डोकं कुठे होतं तुमचं?"

"फ्लॉवरमागे," तो म्हणाला आणि घाईघाईने डबा धुवायला लागला.

त्या दाराशीच आमचं ठरलं. सोमवारी हॉटेल बंद असायचं. त्या दिवशी दुकानातून सुटल्यावर मी घरी यायचे आणि तो आमच्याकडे यायचा. त्याने मला स्वयंपाक शिकवायचा, मी त्याला थोडकं रांधायला शिकवायचं.

पहिल्या सोमवारी स्वतःची सुरी फडक्यात गुंडाळून आला. मी त्याच्या हातात एक कांदा दिला.

"एकटाच?"

"एकटाच."

"बिचारा," तो म्हणाला आणि कांदा चिरायला घेतला.

काय सांगू त्या सोमवारांचं... आमचं स्वयंपाकघर एवढंसं. एक वळला की दुसऱ्याने भिंतीला टेकायचं. खिडकीबाहेर तिन्हीसांजेचा निळसर उजेड, आत लोणी वितळल्याचा वास. तो म्हणायचा, "बघू नका, ऐका. कांदा ओला असतो तेव्हा चरचरतो. शिजला की कुजबुजायला लागतो." मी कान देऊन ऐकायचे आणि मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू यायची. मी त्याला सांगायचे, "मूठ नाही, चिमूट. चिमूट नाही, अर्धी चिमूट." पहिल्यांदा उरलेलं अख्ख्या मजल्याला पुरलं. मग फक्त काकूंना. मग एक वाटी मावशीला सकाळसाठी. एकदा वाफेने माझा चष्मा धुकटला. माझे दोन्ही हात पिठात. त्याने तो अलगद काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. रोज किती जणांना मी चष्मा चढवते, पण आपल्याला कुणी असा चढवला की हातातलं पीठ तसंच राहतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी तो दुकानात आला.

"डोळे तपासायचेत. दाखला हवाय."

"दाखला कशाला?"

तो काउंटरवरच्या फ्रेमा उगाचच सरळ करत राहिला. "बंदराच्या गावी मोठं हॉटेल आहे. तीनशे माणसांचं स्वयंपाकघर. बोलावलंय त्यांनी, आधी डोळ्यांचा दाखला मागतात. इथे निम्मी टेबलं रिकामी, निम्मं रांधलेलं फेकून द्यावं लागतं. ते भरून काढायला भाव वाढवले, तर होती ती माणसंही गेली. ताई म्हणते, महिनाअखेरीस कुलूप लावू."

मी खोलीतला दिवा मालवला. अंधाऱ्या खोलीत त्याला बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर ठेवली आणि भिंगं बदलत गेले. "हे स्पष्ट, की हे?... आता हे, की हे?" माझा आवाज मलाच परका वाटत होता. तो इतक्या जवळ होता की त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. एक ओळ खोटी लिहिली असती, तर दाखला मिळाला नसता आणि तो राहिला असता. मनात आलं, नाही कशाला म्हणू? लेखणी उचललीसुद्धा. पण असा अडकवून ठेवलेला माणूस मला नको होता.

"लांबचं छान दिसतं तुम्हाला," मी म्हटलं. "जवळचं जरा धूसर आहे. चष्मा लागेल. नोकरीला अडचण नाही."

"जवळचं धूसर? पण तुम्ही तर स्पष्ट दिसताय."

"मी जवळ कुठे आहे," मी म्हटलं आणि दिवा लावला.

घरी आले ती थेट मोरीत जाऊन तोंड धुवायला लागले. मावशी दारात.

"काय झालं?"

"डोळ्यात काहीतरी गेलंय."

"दिसतंय. खिडकीवाला गेलाय." तिने टॉवेल पुढे केला. "त्याला सांगितलंस?"

"काय सांगू?"

"मग रड," मावशी म्हणाली. "जन्मभर लोकांचे फोन जोडले मी. दोन्हीकडून कुणीच बोललं नाही की लाइन कापावी लागायची."

सोमवारी मी ठरवून टाकलं होतं, आज बोलायचं. वाक्यं पाठ केली होती. पण तो आला तो नवा चष्मा लावून. माझ्याच दुकानातला, मीच निवडलेला. आणि म्हणाला, "आज तुम्ही बाहेर बसा. स्वयंपाकघर माझं."

मावशीने चपला घातल्या. "मी काकूंकडे बसते जरा."

मी एकटी टेबलाशी. आतून कांद्याची चरचर, मग कुजबुज. बाहेर पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता. पाठ केलेली सगळी वाक्यं एकेक करून विसरून गेले. मग दार ढकललं गेलं आणि आधी दोन हात आले, नेहमीसारखे. फरक एवढाच, की या वेळी ते ठेवून नाहीसे झाले नाहीत. हातांमागून तो आला, समोर बसला आणि एवढ्याशा पातेल्यातून दोन वाट्या भरल्या. पातेलं रिकामं झालं. तळाशी घोटभरही उरलं नाही.

"इतकंच?"

"इतकंच. दोघांपुरतं," तो म्हणाला. "कालपासून जमवतोय. काल हॉटेलात चार वेळा केलं, चारही वेळा उरलं."

मी चमचा तोंडात घेतला. मीठ नेमकं. बटाटा होता, टोमॅटो होता. गाजर नव्हतं. आणि तेवढ्याने माझे डोळे भरून आले.

"मी ताईला सांगितलं," तो वाटीकडे बघत म्हणाला, "मोठी पातेली माळ्यावर टाकू. थोडी टेबलं, दिवसाला दोनच पदार्थ, आणि उरणार नाही एवढंच रांधायचं. फेकायचं काही नसेल, तर भाव उतरवता येतील. चालेल, नाही चालेल, कोण जाणे. ताई म्हणाली, इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, तेव्हा ऐकलं नाहीस. आता कुणी शिकवलं?"

"मग?"

"म्हटलं, चष्मेवालीने."

"आणि... बंदराचं गाव?"

"तिथे तीनशे माणसं जेवतात." त्याने वर बघितलं. "त्यांतलं कोण गाजर काढून ठेवतं, ते मला कधी दिसणार नाही."

आता नाही तर कधीच नाही. मी चमचा खाली ठेवला. "मी तुमच्याकडे जेवायला यायचेच नाही. तुमचे हात बघायला यायचे. भाव वाढले तेव्हा घरी येऊन रडले, ते काही सुपासाठी नव्हतं. मला तुम्ही हवे आहात... रोज."

त्याने वाटी बाजूला सारली. मग तो अंगठ्यावर डाग असलेला हात टेबलावरून पुढे आला आणि माझ्या बोटांवर थांबला.

"जवळचं दिसतंय का आता?" मी विचारलं.

"तू दिसतेस," तो म्हणाला.

इतक्या सोमवारांत त्याने मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. सूप निवत होतं आणि आम्हा दोघांनाही त्याची घाई नव्हती.

दार वाजलं. मावशी आत आली, आमच्या हातांकडे बघितलंही नाही, सरळ पातेल्यात डोकावली.

"आणि माझं?"

तो ताडकन उभा राहिला. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. "मावशी, ते... तिघांचा अंदाज अजून यायचाय."

"मग शीक," मावशी खुर्ची ओढून बसत म्हणाली. "मी कुठे जात नाही. आणि तूही जाऊ नकोस."