खांब नंबर सात

ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्याबाबतीत घडलेली आहे, आणि अजून संपलेली नाही.

माझ्याकडे तारखा आहेत, मोजमापाची वही आहे, फोटोसुद्धा आहेत. फोटोंत मात्र नुसती वाळू दिसते...

१४ ऑक्टोबर. सोमवार. सकाळचे सव्वासात. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं सोल्गे नावाचं कोळ्यांचं गाव. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. लख्ख ऊन पडलं होतं.

मी छेउन. जिल्हा कार्यालयाच्या किनारा विभागात काम करते. बंदराच्या तोंडाशी वाळू साचते, ती ड्रेजर लावून उपसायची आणि जिथला किनारा समुद्राने खाल्लाय तिथे मोठ्या नळाने नेऊन टाकायची, हे आमचं काम. दर सोमवारी मी सोल्गेला जाते. किनाऱ्यावर नंबर घातलेले खांब आहेत. प्रत्येक खांबापासून पाण्यापर्यंत फीत धरायची आणि आकडा लिहायचा.

तेव्हा माझी राओन सात महिन्यांची होती. पाळणाघर साडेआठला उघडायचं, म्हणून ती माझ्या पाठीवर बांधलेली असायची.

सात नंबरच्या खांबामागे ओकबुन आजींचं घर. वय ऐंशीच्या पुढे. एकट्याच राहायच्या.

"आलीस का गं फीतवाले? किती उरलाय?"

"तीन मीटर, आजी."

"बरा आहे की. माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

मग त्या मला ओट्यावर बसवायच्या आणि मिओकगुक द्यायच्या. समुद्री शेवाळाचं हे सूप आमच्याकडे बाळंतिणीला देतात, आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याला.

"सासू करून घालते का तुला? की नुसती टीव्हीसमोर बसते?"

"ती लांब राहते, आजी."

"सुटलीस. खा."

त्यांच्या उंबऱ्याजवळ नेहमी एक रबरी बूट असायचा. एकच. डाव्या पायाचा. रोज पुसलेला.

तो त्यांच्या मुलाचा, गिलसूचा. अकरा वर्षांपूर्वी मासे घेऊन परत येताना त्याची होडी बंदराच्या तोंडाशी, साचलेल्या वाळूवर अडकली आणि उलटली. घरापासून हाकेच्या अंतरावर. आजी तेव्हा ओट्यावरच उभ्या होत्या.

तो सापडला नाही. दोन दिवसांनी हा बूट लागला किनाऱ्याला.

आमच्याकडे बुडालेल्या माणसाचा जीव पाण्यातून परत बोलावतात. मुदांग, म्हणजे अंगात येणारी बाई, मंत्र म्हणते. पितळी वाटीत तांदूळ भरून, लांब पांढऱ्या कापडाला बांधून ती वाटी समुद्रात सोडतात. वर काढल्यावर तांदळात एखादा केस मिळाला, तर तो आला असं समजायचं.

गिलसूच्या वेळी कापड वर आलं. वाटी आलीच नाही...

"त्याने धरून ठेवली असेल," आजी म्हणायच्या. "लहानपणीपण जेवताना वाटी सोडायचा नाही."

ऑगस्टमध्ये सातव्या खांबाचा आकडा दीड मीटरवर आला. घर धोक्यात आहे, असा अहवाल मी लिहिला. खाली सही माझी. नोटीस द्यायलाही मीच गेले.

आजींनी ती वाचली नाही. घडी करून बुटात ठेवली.

"मला एक सांग. तुम्ही ती बंदराच्या तोंडाची वाळू काढणार ना? ती कुठे टाकणार?"

"इथेच, आजी. तुमच्या घरासमोर. ऑक्टोबरमध्ये."

त्यांनी बंदराच्या तोंडाकडे बघितलं.

"मग तेवढं थांबू दे मला. माझा पोरगा त्याच वाळूत आहे."

"भिंतीला भेग गेलीय, आजी. मला नाही थांबवता येणार."

"बरं. मिसुककडे जाते मी. पण वाळू यायला लागली की त्याच दिवशी मला फोन करायचा. मी टॅक्सी करून येईन. दारात कुणी नाही असं व्हायला नको."

मिसुक म्हणजे त्यांची शहरातली मुलगी. मी राओनच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. तो हात मी का ठेवला, कुणास ठाऊक.

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या गेल्या. बूट मात्र उंबऱ्यातच ठेवला. "त्याला लागेल," म्हणाल्या.

नळ सुरू झाला तो १० ऑक्टोबरला. गुरुवार.

त्या दिवशी राओनला ताप होता. एकोणचाळीस. मी आणि नवरा दवाखान्यात होतो. शुक्रवारी ताप होता. शनिवारी होता. रविवारी ती पहिल्यांदा दूध प्यायली आणि मी बसल्या जागी झोपले.

फोन माझ्या लक्षातच राहिला नाही.

सोमवारी मी सोल्गेला गेले, राओनला नवऱ्याकडे ठेवून. सोबत आमचे मून साहेब होते. आजींच्या घरासमोर नवी करडी वाळू पसरली होती. सपाट. कुणीच न तुडवलेली.

आणि मग ते दिसलं...

पावलं.

पाण्यातून निघून सरळ आजींच्या दाराकडे गेलेली.

उजवा पाय बुटाचा. डावा अनवाणी. पाचही बोटं उमटलेली.

परत जाणारं पाऊल एकही नाही.

मी दार ढकललं. घर रिकामं. जमिनीवरची धूळ जशीच्या तशी. पावलं उंबऱ्यापाशी थांबली होती. तिथली वाळू खूप तुडवली गेली होती... कुणी बराच वेळ उभं राहून, दोन्ही पायांवर भार बदलत वाट पाहावी, तशी.

"कुणीतरी पोहायला आला असेल," मून साहेब म्हणाले.

"एक बूट घालून?"

"हल्लीच्या पोरांचं काही सांगता येत नाही." पण ते फीत धरायला पुढे आले नाहीत.

मी तिथूनच मिसुकताईंना फोन लावला.

"छेउन का?" त्या म्हणाल्या. "आई काल पहाटे गेली."

मी ओट्याच्या कडेवर बसले.

"गुरुवारपासून फोन मांडीवर घेऊन बसली होती. म्हणत होती, वाळू पडतेय, मला ऐकू येतंय, आता तिचा फोन येईल. मी म्हटलं, मीच लावते तिला. तर म्हणाली, नको, लेकरू आजारी असेल तिचं. आईने पोराजवळच असावं."

राओनच्या तापाबद्दल मी कुणालाच कळवलं नव्हतं. ऑफिसातसुद्धा फक्त रजा टाकली होती.

मिसुकताई मला रागाने एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या सोमवारी उंबऱ्यातला बूट नव्हता.

घडी केलेली नोटीस तेवढी दारात पडली होती. कोरडी.

पावलं होती. या वेळी दोन्ही बुटांची. दारातून निघालेली. पाण्याकडे गेली नव्हती, शेजाऱ्यांकडेही नाही. ती सरळ सातव्या खांबाकडे आली होती. मी दर सोमवारी जिथे उभी राहते, तिथून हातभर अंतरावर थांबली होती.

बुटांची टोकं माझ्याकडे.

मी आकडा लिहिला. चौदा मीटर. चार दोनदा गिरवला.

तेव्हापासून दर सोमवारी तसंच आहे. भरती सगळं पुसून जाते, सोमवारी ताजी पावलं असतात. हातभर अंतर ठेवून. कधी जवळ नाही, कधी लांब नाही. अंगावर येईल असं काही नाही त्यात. माहिती विचारायला आलेला माणूस ऑफिसात अदबीने उभा राहतो ना, तसं आहे ते.

आणि वाळू... सहा नंबरची वाळू निम्मी गेली. आठची सगळी गेली. सातव्या खांबापाशी अजून चौदा मीटर. हिवाळ्यातल्या लाटांनीसुद्धा एक वीत हलली नाही. मून साहेब म्हणतात, फीत बदल. मी तीन वेळा बदलली.

मला कळतं तो काय विचारतोय. तो अकरा वर्षांनी घरी आला आणि दारात कुणी नव्हतं. आई कुठे आहे, हे गावात फक्त मला माहीत आहे, असं त्याला वाटत असणार. नोटिशीवर नाव माझंच आहे.

आई तीन दिवस फोनची वाट बघत होती, हे मी त्याला कसं सांगू? लेकराच्या तापात मी विसरले, हे आजींना कळलं होतं. त्याला कळेल का, ठाऊक नाही.

आज रविवार. राओन आता चालायला लागली आहे. दुपारी ती शेजारी झोपली होती आणि मी शेवाळ भिजत घातलं. नवऱ्याने विचारलं, "आज कुणाचा वाढदिवस?"

मी म्हटलं, "उद्या आहे. ओळखीतल्या एकाचा."

आजींनीच सांगितली होती गिलसूची ती तारीख. त्या दिवशी त्या दरवर्षी ओट्यावर एक वाटी ठेवायच्या.

सूप झालंय. डब्यात भरून ठेवलंय. उद्या सव्वासातला मी ते सातव्या खांबापाशी ठेवणार आहे, आणि या वेळी फीत काढायच्या आधी बोलणार आहे.

पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही.