अमोसच्या बायकोचं नाव

"ए! हात काढ तिच्यावरून!"

दफनभूमीच्या फाटकातूनच ओरडले मी. माझ्या सहा पिढ्यांपूर्वीच्या पणजीच्या दगडावर एक मुलगा खुशाल दाढीचा फेस थापत होता! म्हणे अक्षरं उठून दिसतात. दिसतात रे... पण तो फेस दगड खातो त्याचं काय?

"माझे आजोबा थडग्यांचे दगड कोरतात, त्यांनी मजकूर उतरवून आणायला सांगितलाय," तो गडबडला. "शनिवारी नवा दगड कोरायचाय. मी एल्डन." गालावर फेस, डोळे राखाडी... असू देत, मला काय!

"आणि कोरणार काय? 'मेहेटेबल, अमोस थेअरची बायको.' पुन्हा तेच! तिला माहेरचं आडनाव नव्हतं का? दोन उन्हाळे शोधतेय मी. जनगणनेत थेअर, चर्चच्या वहीत थेअर..."

"मग पुरावा आण. आजोबा कोरतील."

"आज गुरुवार आहे, शहाण्या!" मी पाय आपटला.

तीन बादल्या पाणी आणून त्यानं दगड धुतला, हलक्या हातानं. अगदी झोपलेल्या माणसाचं तोंड पुसावं तसा. माझा राग थोडा घसरला. मी तो परत वर ओढला.

शुक्रवारी दुपारी स्वारी हजर! काखेत त्याच्या आईच्या खोलीतला लांबलचक आरसा. त्यानं ऊन पकडून दगडांवर तिरपं टाकलं... आणि पुसलेली अक्षरं सावलीतून उभी राहिली. मेहेटेबलच्या दगडावर नवं काहीच नाही. पण शेजारी गवतात एक गुडघ्याएवढा दगड होता. तिच्या अकरा दिवसांच्या बाळाचा.

"जोशाया फुलर थेअर," एल्डननं वाचलं.

मी मटकन खाली बसले. आमच्या व्हरमाँटमध्ये मुलाच्या नावात मधे आईचं माहेरचं आडनाव घालायचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! मी तिच्या मोठ्या मुलांची नावं तपासली होती. आणि या बाळाला वगळलं, कारण त्याचा वंशच पुढे गेला नाही. मी! बायकांना वगळतात म्हणून भांडणारी मी!

"रड नंतर," एल्डननं हात धरून उठवलं. "नगर कचेरी पाचला बंद होते!"

धावलो. फुलरांचं घराणं शेजारच्या गावचं. तिथल्या कचेरीतल्या लग्नाच्या वहीत, १८३१ साली— मेहेटेबल फुलर!

पायरीवर धापा टाकत एल्डन म्हणाला, "फुलर म्हणजे माहितीये? ओलं लोकरीचं कापड पायांनी तुडवणारे. तरीच... कालपासून पाय आपटतेयस!"

"गप्प बस!" मी पाय आपटला. तो इतका हसला, की... जाऊ दे.

शनिवारी दगड उभा राहिला. 'मेहेटेबल फुलर.' अमोस खालच्या ओळीत.

"अजून रागावलीयस?" एल्डननं हळूच विचारलं. त्याची बोटं माझ्या बोटांशी... सुटतच नव्हती.

"खूप! आणि ऐक, माझं नाव टॅबिथा. कुणाला 'एल्डनची मैत्रीण' म्हणून ओळख करून दिलीस ना, तर बघ!"

"मग काय म्हणू?"

"म्हण— मी टॅबिथाचा एल्डन."

त्यानं म्हटलं. तेही त्याच्या आजोबांसमोर, मोठ्यांदा!