कोऱ्या पानांवरची गोष्ट

कडेगावात आकाराम 'कोवळं ऊन' नावाचं मुलांचं मासिक छापायचा. त्याची बायको मनुबाई त्यात दर महिन्याला एका धनगराच्या पोरीची गोष्ट लिहायची. त्रेचाळीस साली सरकारला त्या गोष्टीत राजद्रोह दिसला. फौजदारानं यंत्र घणानं फोडलं, अक्षरांचे खिळे विहिरीत ओतले, कोरे कागद रस्त्यावर उधळले आणि मनुबाईला कोठडीत घातलं. तिथंच ती गेली. "हिवताप झाला," एवढंच फौजदार म्हणाला.

आकारामनं तिला अग्नी दिला, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. संतापानं त्याचे दात मात्र एकमेकांवर वाजत राहत.

महिन्याभरानं शाळेवरून जाताना तो थबकला. आत मुलं एका सुरात गोष्ट वाचत होती. धनगराच्या पोरीचीच, पण पुढची; मनुबाईनं कधी न लिहिलेली. शब्द तिचेच होते. वाक्यात मधेच थांबणंही तिचंच.

तो तरातरा आत शिरला. मास्तर खाली मान घालून ऐकत होते.

"माज्या बायकोच्या नावावर कोण लिवतंय रं ह्ये?" त्यानं एका पोरीच्या हातातला कागद हिसकावला. रस्त्यावर उधळलेल्यातलाच एक. दोन्ही बाजूंनी कोरा.

"आवं काका, फाटंल," पोरगी म्हणाली. "आमी वाचतोय न्हवं?"

गोष्टीतल्या पोरीला आता एका खोलीत कोंडलं होतं. पुढच्या आठवड्यात तिकडं म्हसवडची मुलंही तेच वाचू लागली.

फौजदारानं आकारामला आपल्या घरी बोलावलं. "छापखाना कुठं लपवलास?"

"तुमीच हिरीत टाकला की."

"ही गोष्ट बंद कर."

"पुढं काय झालं ते मला कुठं ठावं हाय? तुमाला हाय. तुमीच सांगा."

फौजदारानं हात उगारला. तेवढ्यात पायरीवर बसलेली त्याची धाकटी मुलगी वाचू लागली. तिला अजून शाळेत घातलं नव्हतं. मांडीवरच्या कोऱ्या कागदावर ती बोट फिरवत होती.

"तिनं पाणी मागितलं. त्यानं तांब्या तिच्यासमोर भुईवर उपडा केला. मग कमरेचा पट्टा काढला. ती हलायची थांबली, तरी तो मारतच होता."

फौजदाराचा हात वरच राहिला.

आकाराम त्याच्याकडे बघत होता. त्याचे दात आता वाजत नव्हते.

"आबा," पोरगी म्हणाली, "पुढं तुमचं नाव हाय."

पान उलटायला तिनं बोट जिभेला लावलं. जिभेवर ओल्या शाईचा काळा ठिपका उमटला.