कपाटाशेजारचा डाग

जावईबापू, एक विचारतो, खरं सांगा. माणसाने विश्वास कुणावर ठेवावा? स्वतःच्या डोळ्यांवर, की कॅमेऱ्यावर? हसू नका. उद्यापासून हे दुकान तुम्ही बघणार, म्हणून विचारतो. दिवे येईपर्यंत ती मेणबत्ती जरा इकडे सरकवा आणि ऐका.

वापरलेल्या कॅमेऱ्यांचा हा धंदा मला कुणी शिकवला नाही. जे कळलं ते उघडून, बिघडवून आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन कळलं. आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, रिकाम्या घरांचे फोटो काढणारा. घर भाड्याने द्यायचं असलं की दलाल त्याला बोलावत. खोली अख्खी दिसावी म्हणून हा गडी कायम भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात उभा. बाजारात त्याचं नावच पडलं कोपरेवाला. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी पाटी, लहान; खोलीच्या कडा कापल्या जायच्या. मी त्याला मोठ्या सेन्सरचा एक फुल-फ्रेम डीएसएलआर दिला. हातात घेतला तर वीट, पण नजर मोठी. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला, "शेठ, भिंती मागे सरकल्या की हो!"

काही दिवसांनी तोच कॅमेरा त्याने माझ्या काउंटरवर आणून ठेवला.

"शेठ, माल खराब दिलात. फोटोत डाग येतो."

"सेन्सरवर धूळ बसली असेल. लेन्स बदलताना शिरते आत. त्यात तोंड एवढंसं करण्यासारखं काय आहे?"

धुळीची परीक्षा सोपी असते, तुम्हीही शिकून ठेवा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, अगदी बारीक करायचं आणि पांढऱ्या कागदाचा फोटो काढायचा. धूळ असली तर ठिपका दिसतोच. मी काढला. कागद कोरा.

"इथे नाही येत," तो म्हणाला. "एकाच घरात येतो. त्या घराचे मागच्या वर्षी जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढले होते, तेव्हा तो कोपरा फ्रेममध्ये मावलाच नव्हता. आता मावतो... शेठ, ते घर माझ्या ताईने भाड्याने घेतलंय. रविवारी राहायला जाणार. जुनं घर सोडलंय, पदरात तान्हं बाळ. डाग कॅमेऱ्याचा असेल तर तुम्ही निस्तरा. पण घराचा असेल तर..."

 मला मात्र माझ्या मालाची काळजी. डाग कॅमेऱ्याचा नाही एवढं ठरलं की मी सुटलो. म्हणून त्याच्याबरोबर गेलो.

भर दुपार होती. खिडक्यांतून ऊन आत आलेलं. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, तरी बंद पेटीत ओले कपडे राहिले की येतो तसा वास होता. समोरच्या कोपऱ्यात भिंतीतलं एक कपाट. बाकी खोली मोकळी. तिथे शटरचा आवाज केवढा घुमायचा! खट्... खटाक.

फोटोत डाग होता. कपाटाशेजारी, उभा, राखाडी. ओल्या काचेवरून कुणी बोट ओढावं तसा. डोळ्यांनी पाहिलं तर तिथे नुसती भिंत.

"आता कॅमेरा थोडा डावीकडे फिरव," मी म्हटलं. धूळ सेन्सरला चिकटलेली असते, बापू. कॅमेरा फिरवाल तिकडे ती येते, फ्रेममधली तिची जागा सुटत नाही. इथे कॅमेरा फिरला, कपाट फ्रेमच्या दुसऱ्या टोकाला गेलं, आणि डागही कपाटाबरोबर गेला. कॅमेरा उलटा धरून काढला. डाग कपाटाशेजारीच.

माझा माल चोख होता. आनंद मात्र झाला नाही.

"शेठ..." कोपरेवाला हळूच म्हणाला, "धूळ नाही ना ही?"

तेवढ्यात दार वाजलं आणि त्याची ताई आत आली. हातात मोजमापाची टेप. पडद्यांसाठी खिडक्या मोजायला आली होती.

"काय रे, भिंतीचं लग्न ठरलंय का? दोघे-दोघे फोटो काढताय ते!"

भावाने तिला फोटो दाखवले. ती वाकून बघत राहिली, मग टेप कमरेला खोचली.

"लहानपणी तू कपाटाला घाबरायचास, ते अजून गेलं नाही. मी जुन्या घराची किल्ली देऊन बसलेय. आता बाळाला घेऊन कुठे जाऊ, तुझ्या कोपऱ्यात?" ती सरळ कपाटापाशी जाऊन उभी राहिली. "काढ माझा फोटो. बघू तरी, माझ्यापेक्षा उंच आहे का ते."

"ताई, नको."

"काढ म्हणते ना!"

या कॅमेऱ्याची एक गंमत सांगतो. फोटो निघतो त्या क्षणी आतला आरसा वर उचलला जातो आणि बघणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंधार होतो. नेमका तोच क्षण आपल्याला दिसत नाही. खट्... खटाक.

फोटोत ताई हसत होती. शेजारची भिंत स्वच्छ. पुन्हा काढला, स्वच्छ. तिला बाजूला करून काढला, तरी स्वच्छ.

"लाजलं बिचारं," असं म्हणून तिने खिडकी मोजली आणि गेली. खोलीतला तो वासही राहिला नव्हता. हे मी त्याला सांगितलं नाही.

 दुकानात आल्यावर म्हणाला, "शेठ, मग गेलं कुठे? ताईबरोबर तर नाही ना..."

मी पांढरा कागद समोर लावला. फोटो काढला. कडेला डाग होता. उभा, राखाडी. कॅमेरा फिरवला तर आता तोही गुमान कॅमेऱ्याबरोबर फिरला, एखाद्या साध्या धुळीसारखा.

"आहे! कॅमेऱ्यात आहे!" त्या माणसाला रडू फुटलं. आपला कॅमेरा नासला म्हणून इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

मी हवा मारली, ओल्या पट्टीने पुसलं, भिंगातून पाहिलं. सेन्सर आरशासारखा लख्ख. डाग तसाच. त्याला दुसरा कॅमेरा दिला आणि हा आतल्या कपाटात ठेवला, बॅटरी काढून. ताई अजून त्याच घरात राहते. बाळ आता शाळेत जातं, खोड्या काढतं. सगळं छान आहे.

अधूनमधून मी बॅटरी घालून कागदाचा फोटो काढून बघायचो. डाग आहे ना, एवढंच. असला की बरं वाटायचं.

परवा तुमच्यासाठी माल आवरताना असाच फोटो काढला. कागद कोरा. तीनदा काढला... कोराच.

तुम्ही आल्या-आल्या म्हणालात ना, मामा, दुकानात ओल्या कपड्यांचा वास कसला येतो म्हणून? मी बोललो नाही तेव्हा.

उद्या माल मोजायला घ्याल, तेव्हा आतल्या कपाटापासून सुरुवात करा. त्यात कॅमेरा एकच आहे. दुकानाचा फोटोही काढून ठेवा, मोठ्या कॅमेऱ्याने, कडा न कापता. आणि त्यात जे जे उभं दिसेल ते सगळं मोजणीत धरा, मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नका. एवढंच मागणं आहे, बापू, हिशेब प्रामाणिक ठेवा.