मजीदभाईंची निळी नळी

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून आमच्या कॉलेजातला चुंबकाचा तराजू शुक्रवारीच वापरता येतो. बाकी दिवस जमीनच थरथरत असते. सोळा मार्च २००७, दुपारचे दोन. मी नेहमीसारखी काचेची नळी दोऱ्याने चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगली. वीस वर्षं या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. हल्ली नळी टांगतानाही हात भरून येतात.

नळीत आमच्या संशोधक विद्यार्थिनीची, क्षितिजाची, निळी पूड होती. तीन वर्षांच्या संशोधनातला शेवटचा नमुना. सोमवारी तिला प्रबंध द्यायचा होता. तांब्याचे अणू सेंद्रिय आम्लाने जोडून केलेली ही जाळी आतून पोकळ असते. वाफ, वायू, सापडेल ते पोटात धरून बसते. तापवली की सोडते आणि जांभळी होते.

"काका, काटा ठरत नाहीये," क्षितिजा म्हणाली.

दोन संथ हेलकावे. जरा खंड. मग एक झटका. पुन्हा तेच. पंखा बंद होता, रस्ता गप्प होता. मी वहीत वेळ लिहिली आणि पेन तिथंच राहिलं.

ही लय माझ्या ओळखीची होती. माझ्यासोबतचे मदतनीस मजीदभाई बारा वर्षं शेजारच्या स्टुलावर बसले. दोन श्वास, जरा खंड, खोकला. आधी ते लूमवर होते. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढायची त्यांची सवय, त्यातून कापसाची धूळ छातीत बसलेली. जानेवारीत याच नळीच्या तोंडाशी पूड अडकली, तेव्हा त्यांनी सवयीने ओठ लावून फुंकली.

"मजीदभाई, नमुना खराब होईल."

"असू दे रे रामनाथ. थोडा दम इथं पण जमा राहू दे. लागला तर मागून घेईन."

त्यांची नोकरी जाऊ नये म्हणून ते मी वहीत लिहिलं नाही. पंधरा दिवसांत ते वारले.

हे सगळं मी क्षितिजाला सांगितलं.

"तापवून रिकामी करावी लागेल, काका."

"आज नको..."

"मग सोमवारी काय देऊ?"

तिचं बरोबर होतं. मजीदभाईंचं एवढंच काय ते उरलं होतं, पण तिची तीन वर्षं त्यावर अडली होती. मी पंप जोडला, नळी तापवली. पूड जांभळी झाली. खोलीत मशीनच्या तेलाचा आणि मजीदभाईंच्या पानातल्या काताचा वास पसरला, तेव्हा लक्षात आलं, पंपाचा पाइप खिडकीबाहेर सोडायला मी विसरलो होतो. काटा ठरला. क्षितिजाने आकडा उतरवला, डोळे पुसले आणि ती गेली.

मी बुचावर मेण ओतलं. वहीत जानेवारीची राहिलेली नोंद केली. मग नळी कपाटात ठेवायला उचलली.

पूड पुन्हा निळी होत होती. मेण शाबूत होतं. बुचाखाली काचेवर आतून वाफ धरायची, विरायची... पुन्हा धरायची.

खात्री करावी म्हणून मी श्वास रोखला.

वाफ थांबली.