जित्याची मूठ

"विचार, तूच विचार तिला, दादा... कोणाच्या वाट्याचं खात होती ते!"

उंबऱ्यातच कुंदनने असा प्रश्न अंगावर फेकला, तेव्हा राघोच्या पायांतली कारखान्याची ओली गमबुटेही अजून निघाली नव्हती. 'माय चक्कर येऊन पडली' एवढाच निरोप त्याला पलसाण्याच्या रंगखात्यात मिळाला होता आणि सुट्टीची चिठ्ठीही न मागता तो भर दुपारी बमरोलीच्या त्या खोलीत धावत आला होता. नऊ वर्षांपूर्वी ज्या खोलीतून तो एक पिशवी घेऊन निमूटपणे बाहेर पडला होता, त्याच खोलीत!

खाटेवर सरलाबाई पडल्या होत्या. डॉक्टर सुई देऊन, साखर भयंकर वाढल्याचे बजावून नुकतेच गेले होते. खाटेखालून ओढून काढलेला पत्र्याचा डबा मध्यभागी उघडा होता आणि त्यात कानबाईचे रोट होते.

राघोला अर्थ लागेना. कानबाईचे विसर्जन परवाच तापीत झाले होते, हे त्याला ठाऊक होते; खानदेशातून सुरतेला आलेल्या प्रत्येक घराप्रमाणे याही घरात श्रावणात देवी बसे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढला जाई, त्याच पिठाचे रोट होत. ते रोट घराण्याबाहेर कोणाला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे, असा दंडक. पण घरात पुरुष एकटा कुंदन. मग हा डबाभर रोट कोणाच्या नावाचा?

"तुझ्या नावाचा!" कुंदन कडाडला. "तू गळ्यात क्रूस घातलास, त्या वर्षीच मी सांगितलं होतं, याची मूठ काढायची नाही, काढलीस तर मी त्याला तोंड लावणार नाही. ही चोरून काढत राहिली! आणि दात नाहीत, म्हणून गुळाच्या पाण्यात भिजवून एकटी खात राहिली... नऊ वर्षं!"

राघो डब्यापाशी बसला.

श्रद्धा ही तोंडाने सांगायची गोष्ट नव्हे, असे कोणी म्हणेल. पण जेवणाच्या ताटावर ती तोंडानेच पाळावी लागते, त्याला काय करावे! देवीच्या नावाचे अन्न घ्यायचे नाही, हा नेम त्याने बाप्तिस्म्याच्या दिवसापासून अभंग पाळला होता. त्यासाठी सोबत्यांचे टोमणे सोसले, धाकट्या भावाचे घर सोडले... ज्या भावाला शिकवण्यासाठी त्याने स्वतः चौदाव्या वर्षी शाळा सोडून कापडाच्या लूमवर उभे राहणे पत्करले होते, त्याचे! आपण एकट्यानेच मोल दिले, अशी त्याची इतकी वर्षे समजूत होती. आणि इकडे ही म्हातारी...! आईबापांचा मान राख, ही आज्ञाही त्याच प्रभूची आणि मूर्तीच्या नैवेद्यापासून दूर राहा, हा बोधही त्याच शास्त्राचा. मग दोन्ही एकाच डब्यात असे समोरासमोर उभे राहिले, तर माणसाने कोणाचे ऐकावे? पाळकसाहेबांनी दर रविवारी इतके शिकवले. पण या डब्याविषयी कधी काही सांगितले नव्हते!

त्याला केवळ एवढेच दिसले, की आईच्या पायांवर सूज आहे. आणि त्याचा हात डब्याकडे गेला.

"खाऊ नको!"

ग्लानीत पडलेल्या सरलाबाईंनी त्याचे मनगट असे आवळले, की कुंदनही दचकला.

"माय, माझा वाटा आहे... मलाच खाऊ दे."

"तुले दारू कोनी सोडाडी रे?" त्यांनी धापा टाकत विचारले. "मी सोडाडी? ह्या कुंदननी सोडाडी?"

राघोची मान खाली गेली. प्रार्थनेला पहिल्यांदा गेला, त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तो पांडेसऱ्याच्या गटारीच्या कडेला पडलेला असे, आणि हीच माय त्याला उचलून आणीत असे.

"ज्यानी तुले मानूसमा आना, त्याना हात सोडू नको. आज मनासाठे त्याले सोडशी, ते सकाय मालेबी सोडशी!"

केवढा हा बोध! आणि तो कोणाच्या मुखातून यावा!

"मग माझी मूठ तरी काढू नको, माय," तो रडत म्हणाला. "तुझ्या पाया पडतो."

"मूठ मरेल मानूसनी बंद व्हस," सरलाबाई हळूच म्हणाल्या. "तुना बापनी मीच बंद करी. तू जित्ता शे... जित्ता पोरनी कशी बंद करू? आनि तुनी मूठ मोठी, मनी ल्हान. म्हनीसन मी तुना नावना दोन-दोन काढस."

'याची मूठ काढायची नाही' असे म्हणताना आपण नेमके काय म्हणालो होतो, ते कुंदनला बहुधा त्या क्षणी प्रथमच कळले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, मोरीवर जाऊन हातपाय धुऊन आला आणि डबा पुढ्यात ओढून मांडी घालून बसला.

"तू बाजूला बस, दादा."

"कुंदन...?"

"घराण्याच्या माणसानेच खायचं ना? मग मी कोण, पाहुणा?"

त्याने रोट मोडला. दगडासारखा झालेला तो तुकडा चावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि तो तसाच चावीत राहिला. दुसरा तुकडा, तिसरा... राघो पाहत राहिला. आपला वाटा दुसऱ्या कोणी क्रुसावर उचलला, हे तो दर रविवारी ऐकत आला होता, मान डोलवीत आला होता. पण ते पाहणे इतके असह्य असेल, हे त्याला ठाऊक नव्हते. हे योग्य झाले की अयोग्य? त्याला समजेना. त्याने फक्त तांब्या भरला आणि भावाजवळ ठेवला.

"फार मोठी रे तुझी मूठ, दादा!" भरल्या तोंडाने कुंदन म्हणाला. "पुनवेपर्यंत माझे दात राहतात की नाही..."

"ल्हानपनपासून मोठीच शे त्यानी," सरलाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. पण राघोचे मनगट त्यांनी अद्याप सोडले नव्हते.